मराठी, दुपारी दोननंतर

अन्याय कमल वाघाडे यांच्यावर झाला. केव्हा झाला तेही लिहितो: १९९५ सालचा श्रावण, पोळ्याच्या आधीचा मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. ऑफिसातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं, ती पाच मिनिटं मी वजा केली आहेत. मी तिथे उभा होतो.

ऑफिसाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पैनगंगेच्या अलीकडे जी गावं आंध्रात आहेत आणि घरात मराठी बोलतात, त्यांतल्या काहींचं ते मंडल ऑफिस, म्हणजे तिकडची तहसील. नाव लिहिलं की बाकीची ऑफिसं म्हणतील, हे आमचं नाही. तशी सोय मी कोणाला करून देणार नाही.

कमलताई तिथे रोजंदारीवर टायपिस्ट होत्या. नवरा भैंशाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता, तो लवकर गेला. पोरबाळ नव्हतं. मराठीचा टाइप त्या किनवटला शिकल्या, तेलुगूचा भैंशाला, आणि दोन्ही परीक्षा पास झाल्याचे कागद त्यांनी पिशवीत एका प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवले होते. ऑफिसात त्यांच्या डाव्या हाताला तेलुगू टाइपरायटर आणि उजव्या हाताला मराठी. मधे फिरतं स्टूल. तेलुगूचे खटके जड होते, त्यामुळे त्यांच्या तर्जन्या पुढून रुंद झालेल्या. बोलणं कमी. यंत्राला हात लावण्याआधी बाहेरच्या नळावर हात धुवायच्या आणि पदराला पुसायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, रोट्या थापायच्या आहेत काय?" तर म्हणाल्या, "लोकायच्या नावाले हात लावतो मी, बाप्पा. मळके कशे लावू?"

ब्याण्णवच्या सुमाराला कंप्युटर आला. दोन टाइपरायटर गेले, एक यंत्र आलं. सरकारला वाटलं, प्रश्न मिटला.

यंत्रासोबत पत्रं लिहिण्याचं सॉफ्टवेअर आलं, तेलुगू आवृत्तीचं. सीमेवरचं मंडल म्हणून त्याच कंपनीची मराठी आवृत्तीही आली, वेगळ्या खोक्यात. शहरातून आलेल्या माणसाने आधी तेलुगू घातली, ती चालली. मग मराठी घातली, तीही चालली, पण तेलुगू मेली. पुन्हा तेलुगू घातली तर मराठी मेली. तीन वेळा त्याने तेच केलं. मग चारची बस गाठायची म्हणून उठला. जाताना म्हणाला, "एक मशीन, एक भाषा. दोनो नहीं चलेंगे." तेलुगू ठेवली आणि मराठीचं खोकं कपाटावर फेकलं.

कमलताईंनी ते खोकं खाली काढलं. त्यातलं पुस्तक इंग्रजी होतं. यांचं इंग्रजी मॅट्रिकचं, तेही गंजलेलं. शब्दकोश घेऊन पंधरा-वीस दिवस त्या जेवणाच्या सुट्टीत ते पुस्तक वाचत बसल्या. मग त्यांना कळलं ते त्या शहरातल्या माणसाला कळलं नव्हतं. दोन्ही आवृत्त्यांमध्ये एक फाईल एकाच नावाची होती. कळफलक कुठला, अक्षरं कुठली, हे यंत्र सुरू होताना तीच फाईल सांगायची. दुसरी आवृत्ती आली की ती पहिलीची फाईल खोडून स्वतःची ठेवायची. कमलताईंनी यंत्रात दोन वेगळ्या जागा केल्या. तेलुगूची फाईल तेलुगूच्या जागेत, मराठीची मराठीच्या. जी भाषा पाहिजे तिची फाईल पुढे आणायची, यंत्र पुरतं बंद करायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मला समजावून सांगताना म्हणाल्या, "दोन जावा एका घरात असल्या तं चुली दोन मांडा लागते. एकीच्या चुलीवर दुसरीनं भांडं ठेवलं का भांडण. यंत्राचं बी तसंच हाय."

रोज दहादा यंत्र बंद-चालू करणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी दिवस वाटून टाकला. सकाळी तेलुगू, दोननंतर मराठी. दाराच्या पाटीवर खडूने लिहून ठेवलं: मराठी, दुपारी दोननंतर. आमच्या बाजूच्या बसगाड्या तशाही बाराच्या पुढेच पोचायच्या. लोक बाकावर बसून भाकर खायचे आणि दोनची वाट पाहायचे. दोन वाजता कमलताई यंत्र बंद करायच्या, हात धुवून यायच्या, बटण दाबायच्या आणि यंत्र जागं होईपर्यंत मांडीवर हात ठेवून गप्प बसायच्या. त्या दोन मिनिटांत कलेक्टर आला असता तरी त्यांनी मान वर केली नसती. पेशकार, म्हणजे तिथले मोठे कारकून, तेलुगू माणूस, मनाने वाईट नव्हते. ते हसून विचारायचे, "क्यों कमलम्मा, मराठी जाग गई क्या?"

"डोळे चोळून राह्यली, सार," कमलताई म्हणायच्या.

मी तेव्हा विशीतला. सीमेवरच्या पोरांची एक समिती होती, तिची पत्रकं मी लिहायचो. अर्ज घेऊन आठवड्यातून दोनदा तरी त्या ऑफिसात जायचो आणि दर वेळी कोणाशी तरी भांडायचो. एकदा मी पेशकारांशी मराठीत सुरू केलं, मग हिंदीत गेलो, मग शिव्या तेलुगूत दिल्या. कमलताईंनी मला हाताने जवळ बोलावलं. म्हणाल्या, "भाषा बदलाची असन तं आधी बंद हो, पोरा. दोन मिनिटं बस. मंग सुरू हो." बाकावरची माणसं हसली. मी बसलो. हे वाक्य पुढे आमच्या गावात भांडणाऱ्या नवरा-बायकोलाही लोक ऐकवायला लागले.

आता तुळसाबाईचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. नदीकाठच्या गावातली ही एकटी म्हातारी. तिच्या वावराची मोजणी निघाली. अमक्या गुरुवारी हजर राहा, नाहीतर शेजारी सांगेल तोच धुरा, म्हणजे वावराची हद्द, धरला जाईल, अशी नोटीस तिला गेली. तेलुगूत गेली, कारण नोटिसा सकाळी निघायच्या. तुळसाबाईला तेलुगू बोलताही धड येत नव्हतं. कागदावर सरकारचा शिक्का पाहून तिने तो देवापाशी ठेवला आणि रोज त्याला कुंकू लावलं. गुरुवार येऊन गेला. तिची विहीर शेजाऱ्याकडे गेली. मग ती कागद घेऊन ऑफिसात आली, दुपारी दोननंतर.

कमलताईंनी तो कागद तिला मराठीत वाचून दाखवला. तारीख आली तिथे त्या थांबल्या.

"हे मागच्या गुरुवारचं होतं, आजी."

"मंग?" तुळसाबाई म्हणाली. "या गुरुवारी येतो न मी. हरकत हाय काय?"

कमलताईंनी तो कागद पालथा केला. मागची बाजू कोरी होती. बराच वेळ त्या कोऱ्या बाजूकडे पाहत बसल्या. मी तिथे होतो आणि माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा चालला होता, हे खरं ते सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गावांना जाणाऱ्या प्रत्येक नोटिशीच्या मागे मराठी मजकूर छापून यायला लागला. हुकूम कोणाचाच नव्हता. सकाळी निघालेल्या तेलुगू नोटिसा कमलताई बाजूला ठेवायच्या, दोननंतर तेच कागद प्रिंटरमध्ये उलटे घालायच्या आणि मागे मराठी काढायच्या. मजकूर त्यांचाच, आणि तो सरकारी मराठीत नसायचा. "बाई, तुमच्या वावराची मोजणी हाय, ह्या दिवशी सकाळी घरीच राहा, कागद देवापाशी ठेवू नका." हे वाक्य मी माझ्या डोळ्यांनी शिक्क्याच्या पाठीमागे छापलेलं पाहिलं आहे. पेशकारांनीही पाहिलं असणार. त्यांनी कागद तसेच जाऊ दिले.

सगळी पत्रं फ्लॉप्यांवर ठेवावी लागत. त्या काळच्या मोठ्या, वाकणाऱ्या, काळ्या फ्लॉप्या. एका भाषेचं पत्र चुकून दुसऱ्या भाषेत उघडलं तर किडे-मुंग्या दिसायच्या, आणि तसंच जतन झालं तर पत्र कायमचं गेलं. त्यामुळे फ्लॉप्या वेगळ्या ठेवणं महत्त्वाचं. पेनाने दाबून लिहिलं तर फ्लॉपी बिघडते असं पुस्तकात होतं. शिवाय फ्लॉप्या कपाटातून काढून देणारा शिपाई लच्छन्ना, त्याला कुठलीच भाषा वाचता येत नव्हती. मग कमलताईंनी ओल्या बोटाने खूण केली. तेलुगूला हळद, मराठीला कुंकू. "लच्छन्ना, पिवळी आण." "लच्छन्ना, लाल आण." एकदाही चूक झाली नाही. कुंकवाची कल्पना तुळसाबाईच्या कागदावरून आली असावी. मी विचारलं नाही.

कुंकवाची डबी टेबलाच्या खणात असायची. विधवा बाईच्या खणात कुंकू, त्यामुळे ऑफिसात बोलणं व्हायचंच. एका कारकुनाने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "कमलम्मा, कपाळ सोडून फ्लॉपीला काऊन लावता कुंकू?"

त्यांनी टाइप करणं थांबवलं नाही. "फ्लॉपीचा नवरा जित्ता हाय न, सार. बसला हाय तिच्यापुढं, सकाळपासून काम नाही करून राह्यला."

तो कारकून आठवडाभर त्यांच्या टेबलाकडे फिरकला नाही.

आता माझा गुन्हा. नोटिशीच्या पाठीमागचं मराठी पाहून मी उडालो. समितीचं पत्रक काढलं. मोठ्या अक्षरांत छापलं की एक गरीब रोजंदार बाई जे करते ते अख्ख्या सरकारला जमत नाही. नाव घातलं, ऑफिस घातलं, सगळं घातलं. छापायच्या आधी त्यांना दाखवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "नाव नको घालू माहं. चालून राह्यलं ते चालू दे." मला वाटलं, बाई साधी आहे, घाबरते. पत्रकाशिवाय जगात काही बदलत नाही असं मला तेव्हा वाटायचं. मी नाव ठेवलं. पत्रक वरपर्यंत पोचलं. वरून पेशकारांना विचारणा झाली, नोटिशीच्या मागे परवानगीशिवाय छापण्याचा अधिकार या बाईला कोणी दिला? त्या दिवसापासून पेशकारांनी "मराठी जाग गई क्या" विचारणं सोडलं. ते निमित्त शोधत होते असं मी म्हणणार नाही. वरचे शोधत होते.

निमित्त कुंकवाने दिलं. श्रावण होता. ओलसर दिवसांत कुंकू सुकेना, सुटून फ्लॉपीच्या फटीत जायला लागलं आणि तिथून यंत्राच्या तोंडात. पोळ्याच्या आधीच्या त्या मंगळवारी सकाळी वर पाठवायची यादी निघेना. यंत्र घरघर करी आणि फ्लॉपी वाचीना. योगायोगाने शहरातला तोच माणूस जिल्ह्याला आला होता, त्याला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं. बोट लाल होतं.

"ये क्या है? मशीन की पूजा करते क्या?"

ऑफिस हसलं. कमलताई उठून उभ्या राहिल्या. कोणी विचारलं नव्हतं. "माह्या हातचं हाय ते, सार. चूक माही हाय."

ती चूक होती. मी कमलताईंची बाजू घेणारा माणूस आहे, तरी लिहितो की ती चूक होती. पण पुढचंही लिहितो. त्या माणसाने कापूस आणि स्पिरिट मागितलं, आतला भाग पुसला, आणि अर्ध्या तासात यंत्र ठणठणीत चालू झालं. यादी निघाली, बाराच्या आत गेली. नुकसान संपलं. हळदीचा कणही त्याच बोटावर असणार, त्याचं नाव कोणी घेतलं नाही. वर कळवलं गेलं ते असं, की दोन भाषा एका यंत्रावर ठेवल्याने यंत्र बिघडलं. वरून तोंडी हुकूम आला: मराठी काढून टाका.

मी तेव्हाच अर्ज घेऊन पोचलो होतो. ओरडलो, "हुकूम लेखी द्या. नाही तर यंत्राला हात लावू देणार नाही." पेशकार माझ्याकडे न पाहता कमलताईंना म्हणाले, "तुमीच काढा, कमलम्मा. तुमाला म्हाईत हाय." ते पहिल्यांदाच मराठीत बोलले.

कमलताईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाऊण वाजला होता.

"मराठीची वेळ दोनची हाय, सार. दोन वाजता काढतो."

पेशकार "चाय पीके आता" म्हणून बाहेर गेले आणि अडीचपर्यंत आले नाहीत. त्या माणसाबद्दल मी पत्रकांत पुष्कळ वाईट लिहिलं आहे. हे मात्र लिहायचं राहिलं होतं.

दोन वाजता कमलताईंनी यंत्र बंद केलं. हात धुतले. बटण दाबलं. मांडीवर हात ठेवून बसल्या. मी बडबडत होतो, उपोषण करू, मोर्चा आणू. त्या एवढंच म्हणाल्या, "बंद हो, पोरा. आता सुरू नको होऊ." मराठी जागी झाली. त्यांनी त्या दिवसाच्या चार-पाच तेलुगू नोटिसा घेतल्या, एकेक कागद उलटा घालून मागे मराठी छापली. प्रिंटरचा तो कर्र कर्र आवाज आणि बाकावर बसलेली माणसं. शेवटचा कागद निघाल्यावर त्यांनी खोडण्याचा हुकूम टाइप केला. यंत्राने विचारलं, नक्की का? ते इंग्रजीत विचारलं. यंत्राची स्वतःची तिसरीच भाषा. कमलताईंनी रुंद झालेल्या तर्जनीने एक अक्षर दाबलं. दोन वाजून दहा मिनिटं.

मग त्या उठल्या, ओल्या फडक्याने दारावरची पाटी पुसली आणि खडू खणात ठेवला.

शहरातल्या माणसाने लाल ठिपक्याच्या फ्लॉप्या टोपलीत टाकल्या होत्या. लच्छन्नाने त्या वेचून फडक्यात बांधल्या. "लाल हाय," तो म्हणाला, "टाकनार कशी?" आणि कपाटाच्या तळाशी, मराठीच्या खोक्याजवळ ठेवून दिल्या.

कमलताईंना पाकिटांवर शिक्के मारायच्या टेबलावर बसवलं. नोटिसा आता त्यांच्याच हातून जायच्या, पाठ कोरी असलेल्या. मी एकदा पाहिलं. दोन वाजले आणि त्यांनी शिक्का खाली ठेवला. दोन मिनिटं हात मांडीवर. मग पुन्हा शिक्के. दिवाळीनंतर रोजंदारीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. कारण कोणी दिलं नाही. रोजंदाराला कारण द्यावं लागत नाही.

त्या मला शेवटच्या दिसल्या आदिलाबादच्या बस स्टँडवर, माघात. बहिणीकडे किनवटला चालल्या होत्या, कायमच्या. पिशवी एकच. मी पाया पडलो. माफी मागायची होती, पण मला पत्रकातली भाषा येते, माफीची येत नाही. त्यांनीच पिशवीतून एक वही काढली. डाव्या पानांवर तेलुगू, उजव्या पानांवर मराठी. एका कंप्युटरवर दोन भाषा कशा ठेवाव्या, एकेक पायरी लिहिलेली, शेवटच्या पानावर ठळक: खुणेला कुंकू लावू नये, रंगीत दोरा बांधावा.

"त्या खुर्चीवर जो बसन त्याले दे," त्या म्हणाल्या. "भांडू नको. दे फक्त."

"ताई, नोटिसा कोण वाचून दाखवतं आता?"

"तू दाखव न. तुले येते दोन्ही." मग हसल्या. "आवाज बारीक कर जरा."

बस लागली. पाटी तेलुगूत. एक बाई पोराला कडेवर घेऊन या बसकडून त्या बसकडे पळत होती, पाट्यांकडे पाहत. कमलताईंनी तिला दंडाला धरून थांबवलं, पाटी वाचली आणि म्हणाल्या, "हेच हाय किनवटची. चढ माय." आधी तिला चढवलं, मग स्वतः चढल्या. खिडकीजवळची जागा त्या बाईला दिली, म्हणून बस हलली तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला नाही, नुसता पिशवीवर ठेवलेला हात दिसला.

गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. किनवटहून आलेल्या एका माणसाने सांगितलं. नाव घालू नको म्हणाल्या होत्या, म्हणून ही तीन वर्षं मी त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. आता घातलं आहे.

वही मी नेऊन दिली. नव्या ऑपरेटरने चाळली, तो भला माणूस आहे. म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे, खोकंही कपाटात आहे, पण हुकूम पाहिजे. पेशकारांकडे गेलो, आवाज बारीक करून. ते म्हणाले, हुकूम मागणीवर निघतो, आणि मराठीची मागणीच नाही, आठवड्यात एकही माणूस विचारत नाही. कोण काय मागायला आलं त्याचं रजिस्टर मी पाहिलं. खरं आहे. पाटी पुसल्यापासून आपण विचारणं सोडलं.

तेव्हा हे वाचणाऱ्या माणसा, तुझ्या घरात देवापाशी पाठ कोरी असलेला कागद असेल तर तो उचल. नसला तरी चालेल. उद्या दुपारी दोन वाजता तुझ्या मंडल ऑफिसात जा. ओरडू नको. बाकावर बस, दोन मिनिटं थांब, मग उठून विचार की मराठीची वेळ झाली, मराठी कुठे आहे. तुझं नाव रजिस्टरमध्ये लिहून घ्यायला लाव. परवा दुसऱ्याला पाठव.